घरोटाचा दगड

इटलीतील नेपल्स शहराच्या पुराणवस्तुसंग्रहालयात काही पाव ठेवलेले आहेत. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस पर्वताचा उद्रेक झाला, त्या वेळी पाँपेई नगरातील एका भटारखान्याच्या भट्टीत पाव भाजावयास घातलेले होते. ते काढावयास भटारी परत आलाच नाही. १८६२ साली उत्खनन करणाऱ्यांनी त्या भट्टीचे तोंड उघडले, तेव्हा कोळसा होऊन गेलेले ८१ पाव आत जसेच्या तसे मांडलेले होते; तुकडे मोडण्यास सोपे जावे म्हणून त्यांवर पाडलेल्या रेघाही पुसल्या गेल्या नव्हत्या. पाँपेईच्या भटारखान्यांतून दळणाची थोरली जातीही आज उभी आहेत. ती ज्या दगडाची घडविली तो दगड म्हणजे पूर्वीच्या कोणत्या तरी उद्रेकात वाहून थिजलेला लाव्हाच होय. एका अग्नीने दळून दिले आणि दुसऱ्याने भाकरी करपविली, असा तो प्रकार आहे.

ज्वालामुखीच्या आठवणींचा विषय निघाला म्हणजे अशाच दूरदेशींच्या वस्तू डोळ्यांपुढे येतात. मार्टिनिक बेटावरील सेंट पियेर हे शहर ८ मे १९०२ रोजी पेले पर्वताच्या उद्रेकात काही मिनिटांत भस्मसात झाले आणि सुमारे २८,००० माणसे मृत्यू पावली. तेथील मंदिराची आगीने चेपलेली पितळी घंटा, परस्परांना चिकटून गोळा झालेले खिळे, वितळून वाकलेल्या काचा, अशा वस्तू तेथील संग्रहालयात जपलेल्या आहेत. ज्यांचे कोणी गेले त्यांना ह्या वस्तू पाहून काय वाटले असेल, ते वेगळे सांगावयास नको.

ह्या यादीत खानदेशचे नाव कोणी घालीत नाही. परंतु जळगावच्या किंवा धुळ्याच्या एखाद्या जुन्या घरात माजघराच्या कोपऱ्याकडे दृष्टी टाकावी. तेथे पाटा असतो, वरवंटा असतो आणि एके काळी तर जातेही असेच. खानदेशी बोलीत ह्या जात्याला घरोट म्हणतात. पाटा, वरवंटा, घरोट हे तिन्ही काळवत्री दगडाचे, आणि काळवत्री दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. नेपल्सच्या त्या पावांपेक्षा ह्या दगडाचे वय तीस हजार पटींहून अधिक आहे. फरक एवढाच की, ह्यावर चिठ्ठी लावलेली नाही, आणि ह्याच्याभोवती काचेची पेटीही नाही. त्यावर रोज मिरची वाटली गेली.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची ही गोष्ट. भारताची भूमी त्या काळी आजच्या जागी नव्हती. ती विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती व हळूहळू उत्तरेकडे सरकत होती. त्या प्रवासात तिचे कवच ताणले गेले, त्याला भेगा पडल्या आणि पोटातील शिलारस बाहेर लोटू लागला. शाळेच्या पुस्तकात ज्वालामुखीचे जे चित्र असते, उंच शंकूसारखा डोंगर आणि शेंड्यावर धुराचा तुरा, ते येथे मनात आणू नये. येथे जमीन शिवण उसवावी तशी लांबच लांब उसवली, आणि दुधाला उत यावा तसा रस दोन्ही अंगांना पसरत गेला. एक थर थिजे. मध्ये विश्रांती पडे. कधी ती विश्रांती इतकी दीर्घ असे की, थिजलेल्या थरावर ऊनपावसाने माती तयार होई. पुढे तिच्यावर नवा थर वाहून आला की ती भाजून लाल होई. डोंगराच्या कड्यात दोन काळ्या थरांमध्ये तांबडी रेघ दिसते, ती बहुधा अशी भाजलेली माती असते. मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत आटोपला असे आताचे कालमापन सांगते. त्या रसाने घडलेला खडक आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे, आणि सह्याद्रीच्या बाजूस थरांवर थर मिळून त्याची जाडी दोन किलोमीटरांच्या घरात जाते.

ह्याच सुमारास पृथ्वीवरील महाकाय सरड्यांचा, म्हणजे डायनासोरांचा, अंत झाला. मेक्सिकोत कोसळलेल्या अशनीने तो घडविला हे मत आज प्रबळ आहे. पण दख्खनच्या उद्रेकाचा हात त्यात किती, हा वाद मिटलेला नाही. खानदेशचा दगड त्या खटल्यात साक्षीदार आहे की सहआरोपी, ह्याचा निकाल अद्यापि लागावयाचा आहे.

ह्या दगडाला इंग्रजीत ‘ट्रॅप’ हे नाव पडले ते स्वीडिश भाषेतील पायरीवाचक शब्दावरून. धुळ्याहून साक्रीकडे जाणाऱ्या प्रवाशाला ते नाव समजावून देण्याचे कारण पडत नाही. सपाट माथा, खाली कडा, मग उतार, पुन्हा कडा, असे तेथील डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात. आणि प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक लोंढा. भारतीय भूशास्त्रीय सर्वेक्षणातील ब्लॅनफर्ड ह्यांनी तापी व नर्मदेच्या खोऱ्यांचा अभ्यास करून १८६९ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हापासून हा प्रदेश जगातील भूशास्त्रज्ञांच्या परिचयाचा झाला आहे. खुद्द खानदेशातील माणसांना मात्र तो तसा परिचयाचा आहे असे म्हणवत नाही.

वस्तूला आठवण चिकटावयाची तर सांगणारा कोणी तरी लागतो. पाँपेईला धाकटा प्लिनी होता. सतरा वर्षांचा असताना डोळ्यांनी पाहिलेले त्याने पुढे टॅसिटस ह्या इतिहासकाराला दोन पत्रांतून कळविले. खानदेशच्या अग्नीला असा साक्षीदार मिळणे शक्यच नव्हते. मनुष्य जन्मास येण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे तो विझून गेला होता. तथापि त्याच जातीचा, म्हणजे जमीन उसवून वाहणारा, एक धाकटा उद्रेक एका माणसाने पाहिला व लिहून ठेवला. तो माणूस आइसलँडमधील धर्मोपदेशक योन स्टेनग्रिमसन.

८ जून १७८३, रविवार. लाकी नावाच्या डोंगराजवळ जमीन फाटली. ती फाटत फाटत सुमारे २७ किलोमीटर गेली, तिच्यावर शंभराहून अधिक मुखे उघडली आणि पुढील आठ महिने त्यांतून लाव्हा वाहत राहिला. पावसाचे थेंब अंगावर पडले की झोंबत, गवत जळून जाई, गुरांच्या सांध्यांवर गाठी येत, हे त्या उपदेशकाने गावोगावची नावे घेऊन लिहिले आहे. २० जुलैच्या रविवारी लाव्हाचा लोंढा त्याच्या प्रार्थनामंदिराच्या रोखाने येत असता तो लोकांना घेऊन आत उपासना करीत बसला. ते बाहेर आले तो लोंढा अलीकडेच थांबून एकावर एक साचत होता. मंदिर वाचले, पण देश वाचला नाही. गवत विषारी झाल्याने गुरे-मेंढ्या मेल्या, दुष्काळ पडला आणि आइसलँडची सुमारे एकपंचमांश प्रजा नाहीशी झाली. उपदेशकाची पत्नीही त्या काळातच, १७८४ साली, वारली. त्याने त्या अग्नीचा वृत्तान्त स्वतंत्र लिहिला, आणि पुढे आपले आत्मचरित्रही लिहिले. ते त्याने लिहिले ते आपल्या मुलींसाठी.

लाकीच्या त्या एका उद्रेकात सुमारे १५ घनकिलोमीटर लाव्हा बाहेर पडला. दख्खनच्या उद्रेकाचा एकूण लाव्हा लाखो घनकिलोमीटरांनी मोजतात. तापीच्या काठी त्या वेळी कोणी उपदेशक असता, तर त्याचे मंदिर वाचण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या भेगा आज कोठे आहेत, असे विचाराल तर त्या धुळे व नंदुरबार ह्या जिल्ह्यांत उघड्या पडलेल्या आहेत. भेगेतून वर येता येता जो रस आतच थिजला, तो पुढे बाजूचा मऊ खडक झिजून गेल्यावर उभ्या भिंतीसारखा मागे राहिला. शिवारामागून शिवारे ओलांडून काळ्या फत्तरांची ओळ सरळ पूर्वपश्चिम चालली आहे, जणू कोणी पांडवांनी कुसू घातले, असे तेथे दिसते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ह्या टापूतील अशा २१० भिंतींची नोंद आहे. त्यांतील सर्वांत लांब भिंत ७९ किलोमीटर भरली, आणि रुंदी कोठे तीन मीटर तर कोठे साठ मीटरांपर्यंत. ह्यांतील प्रत्येक भेगेतून लाव्हा भूपृष्ठावर आलाच असे नाही. कित्येक वाटेतच थबकल्या असाव्यात. परंतु भेगांचा रोख पूर्वपश्चिम आहे, त्याअर्थी जमीन दक्षिणोत्तर ताणली जात होती, एवढे त्या भिंती अजूनही सांगतात. शेतकऱ्याला त्यांचे दुसरे महत्त्व ठाऊक आहे. जमिनीखालून झिरपणारे पाणी अशा भिंतीशी अडते. म्हणून तिच्या एका अंगाच्या विहिरीला पाणी टिकते आणि पलीकडची विहीर फाल्गुनातच तळ दाखविते.

धुळे हे वस्तुतः जुन्या आठवणींची कदर असलेले गाव आहे. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी दारोदार हिंडून, वाण्याच्या दुकानी पुड्या बांधावयास निघालेले कागदसुद्धा हाती लागतील तेथून मिळविले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते येथेच निवर्तले, आणि लगेच पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापून धुळेकरांनी तो ठेवा सांभाळला. तीनशे वर्षांच्या कागदासाठी ज्या गावाने एवढे केले, त्याच्याच परिसरात ६ कोटी वर्षांच्या भिंती खडीसाठी फोडल्या जातात. रस्त्याला खडी लागते हे खरे. घरेही त्याच दगडाची बांधावयाची. ह्याबद्दल कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण फोडण्यापूर्वी कोणती भिंत ठेवावी, ह्याचा विचार करणारा एखादा राजवाडे दगडालाही मिळाला असता तर बरे झाले असते.

जळगाव जिल्ह्यात ह्या अग्नीची आठवण निराळ्या रूपाने सापडते, आणि ती फार देखणी आहे. लाव्हा थिजत असताना त्यातील वायूंचे बुडबुडे आतच कोंडले गेले. पुढे दीर्घकाळ त्या पोकळ्यांतून पाणी झिरपत राहिले आणि त्यात विरघळलेल्या द्रव्यांचे स्फटिक भिंतींवर बसले. बाहेरून ओबडधोबड काळा धोंडा. पहारीने फुटला की आत गुलाबी-पिवळसर पंख्यांसारखे स्टिल्बाइट आणि त्यांवर पाण्यासारखे स्वच्छ किंवा फिकट हिरवे अपोफिलाइट. ह्या कुलातील पुष्कळ खनिजांना झिओलाइट म्हणतात. क्रोनस्टेट ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ साली हे नाव दिले. तापविले असता आतले पाणी उकळून निघते, म्हणून ‘उकळणारा दगड’ असा त्याचा अर्थ. रावेर तालुक्यातील सावदे हे नाव मराठी माणसाला केळीसाठी ठाऊक. परदेशातील स्फटिकसंग्राहकांना ते अपोफिलाइटसाठी ठाऊक आहे. युरोप-अमेरिकेच्या संग्रहांतून काचेच्या कपाटात ‘जळगाव’ अशी चिठ्ठी लावलेले दगड आढळतात. आपल्याकडे ते पाहावयाचे तर सिन्नर येथे उघडलेल्या गारगोटी संग्रहालयात जावे लागते. ज्या खाणीतून ते निघाले तिच्या आसपासच्या शाळांतील मुलांनी त्यांतला एक तरी हाती धरून पाहिला असेल काय, हा प्रश्न मनात येतोच.

जळगावहून अजिंठ्याला गेलेला प्रवासी चित्रे पाहून परततो. ती लेणी लाव्हाच्या थरांतच खोदलेली आहेत, हे त्याच्या सहसा ध्यानात येत नाही. चित्रांतील निळा रंग परदेशातून आला. हिरवा मात्र अशाच खडकात मिळणाऱ्या हिरव्या मातीचा आहे.

हा विस्तव पार विझला काय, अशी शंका चोपडे तालुक्यातील उनपदेव येथे आंघोळ केलेल्या पुष्कळांनी घेतली असेल. तेथे कढत पाण्याचा झरा आहे. शरभंग ऋषींसाठी प्रभू रामचंद्रांनी बाण मारून तो काढला, अशी कथा सांगतात. त्या उष्णतेचा संबंध जुन्या उद्रेकाशी नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या खोल भेगांतून पाणी खाली जाते, पृथ्वीच्या पोटातील स्वाभाविक उष्णतेने तापते व वर येते, इतकेच. मूळ चुलीचा पत्ता शोधावयाचा तर फार दूर जावे लागते. ज्या उष्ण स्थानाने दख्खनचा लाव्हा ओतला, तेच आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली धगधगत आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भूमी उत्तरेकडे सरकली, चूल मागे राहिली. शेजारचे मॉरिशस बेट हे त्याच चुलीचे अपत्य. एकोणिसाव्या शतकात मजुरीच्या करारावर मराठी माणसे त्या बेटावर गेली. उसाचे मळे करण्यासाठी तेथील मजुरांनी काळे धोंडे वेचून त्यांचे ढीग रचले. सह्याद्रीचा काळा दगड मागे टाकून समुद्रापार गेलेल्यांच्या हाती पुन्हा त्याच घराण्याचा दगड आला, हे त्यांना कोण सांगणार होते?

आता पुन्हा घरात यावे; कारण खानदेशच्या अग्नीचा खरा ठेवा डोंगरात नाही, घरात आहे. मूल जन्मले की पाचव्या दिवशी पाटा-वरवंट्याची पूजा होते. बारशाला तो वरवंटा न्हाऊमाखू घालून, कुंची घालून, बाळासारखा सजवितात आणि पाळण्याच्या खालून-वरून सुवासिनींच्या हातोहात फिरवून बाळाशेजारी निजवितात. दगडासारखे आयुष्य लाभावे, हा त्यातील भाव. ज्या घरात हे चालले आहे त्या घराला तो दगड किती वर्षांचा आहे ह्याची कल्पना असती, तर आशीर्वाद देताना जरा विचारच पडला असता! लग्नात हळद दळावयाची ती जात्याला सुपारी बांधून. आणि होमाच्या वेळी वधूचे पाऊल दगडावर ठेववून, ह्याच्यासारखी स्थिर हो, असे सांगावयाचे. हे विधी रचणाऱ्यांना लाव्हा ठाऊक नव्हता. त्यांना दगड ठाऊक होता, आणि तेवढे पुरले.

घरोटावर तर स्त्रियांच्या आयुष्याचा अर्धा भाग गेला. पहाटेच्या अंधारात खुंट्याला हात घालावयाचा, एका हाताने वैरण घालीत जावयाची आणि मनात असेल ते ओवीतून बोलावयाचे. सासूला, नवऱ्याला जे सांगता येत नसे ते ह्या दगडाला सांगितले गेले. जळगावजवळच्या आसोद्याची लेक बहिणाबाई चौधरी हिला लिहितावाचता येत नव्हते. घरोटावर आणि शेतात तिने रचलेली गाणी घरातल्या माणसांनी टिपून ठेवली म्हणून राहिली. तिच्या मृत्यूनंतर १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले, आणि एवढी मोठी कवयित्री आपल्या शेजारी नांदून गेली हे महाराष्ट्राला तेव्हा कळले. ज्यांच्या घरी टिपून घेणारा कोणी नव्हता अशा किती जणींच्या ओव्या त्या दगडातच जिरल्या, त्याची गणती नाही. आइसलँडच्या उपदेशकाच्या मुलींना बापाचे हस्तलिखित मिळाले. खानदेशच्या मुलींना आईकडून ओवी मिळाली, आणि सुनेला सासूकडून जाते मिळाले.

जाते झिजते. त्याचा खडबडीतपणा गेला की पीठ जाड पडू लागते. मग टाकी लावणारा पाथरवट किंवा वडारीण दारावरून हाक देत येई, आणि छिन्नीने ठोकून त्याला पुन्हा धार आणी. टाकी लावल्यानंतरचे पहिले पीठ घरात खात नसत, कारण त्यात दगडाची कच येई. तरी एवढ्याने ती सगळी निघत नसे. पिढ्यान्‌पिढ्या कळण्याच्या भाकरीबरोबर खानदेशच्या माणसाने आपल्या भूमीचा दगडही थोडाथोडा खाल्लेला आहे. आणि ती ज्वारी, तो उडीद पिकला तो ज्या काळ्या जमिनीत, ती तरी दुसरी कशाची? हाच काळवत्री दगड ऊनपावसात कुजून, नद्यांनी वाहून आणून झालेली ती माती आहे.

विजेच्या गिरण्या आल्या आणि घरोट थांबला. ही तक्रारीची गोष्ट नव्हे. पहाटे उठून पायलीभर दळणाऱ्या बाईला विचारावे, ती गिरणीला दुवाच देईल. मात्र थांबलेल्या घरोटाचे पुढे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. कोठे वरची तळी तुळशीवृंदावनाच्या पायाशी बसते, कोठे ती न्हाणीच्या दाराशी पाय धुवावयास ठेवितात. जुने घर पाडून इमले उठतात तेव्हा मातीच्या गाडीबरोबर कित्येक निघून जातात. पाट्याचे तेच झाले. चौथ्या मजल्यावरच्या घरात त्याला जागा नाही, आणि वाटणाचे काम विजेच्या यंत्राने केव्हाच हाती घेतले आहे.

एक दिवस मात्र असा येतो की, अशा घरातही त्याची आठवण होते. नात झालेली असते, बारशाची तिथी ठरलेली असते, पाहुणे जमलेले असतात, आणि कुंची हातात घेऊन आजीबाई विचारतात, ‘अगं, वरवंटा कुठे आहे?’ मग सून शेजारच्या दारावर जाते. तेथे नसला तर खालच्या मजल्यावर जाते. शेवटी जुन्या गावातल्या कुणा मावशीकडून तो मागवून घ्यावा लागतो. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळून तो जड, काळा, गुळगुळीत दगड जिन्याने वर येतो. त्याला तेल लागते, ऊन पाण्याने न्हाऊ घालतात, कपाळावर कुंकवाचे बोट उठते, आणि पाळण्यात अकरा-बारा दिवसांच्या मुलीशेजारी त्याला निजविले जाते. दुसऱ्या दिवशी तो ज्याचा त्याला पोहोचता करतात.